भाकरीतला ‘भ’ कुठे असतो?

‘भाकरी’ हा शब्द मोठ्याने म्हणा. आता त्यातला अगदी पहिला आवाज, नुसता ‘भ्’, काढून टाका आणि उरलेलं म्हणा. ‘आकरी’. जमलं ना? आता हाच खेळ घरातल्या साडेचार-पाच वर्षांच्या मुलाशी खेळून बघा. ते ‘करी’ म्हणेल, ‘चपाती’ म्हणेल, नाहीतर नुसतं तुमच्या तोंडाकडे बघत राहील. कान त्याचे तिखट आहेत. ‘भाकरी’ आणि ‘चाकरी’ यांत ते कधी गोंधळत नाही. मग तो ‘भ्’ त्याला सापडत का नाही?

लहान आहे म्हणून, असं आपण सहज म्हणून टाकतो. पण १९७९ साली जोझे मोराइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोर्तुगालमधल्या निरक्षर प्रौढांना असाच खेळ घातला. ही माणसं उभा जन्म आपली भाषा अस्खलित बोलत आली होती. त्यांनाही शब्दाच्या तोंडचं एक व्यंजन काढता येईना की नवं जोडता येईना. तशाच घरांतली, पण मोठेपणी वाचायला शिकलेली माणसं मात्र ते बऱ्यापैकी करत होती. फरक काय तो अक्षरओळखीचा.

थांबा, हे जरा नीट बघू. आपली समजूत अशी, की शब्दांत सुटे आवाज आधीपासून असतातच आणि अक्षरं ही त्यांची चिन्हं. प्रत्यक्षात बोलण्याची धार अखंड असते. ‘भ्’ कुठे संपला आणि ‘आ’ कुठे सुरू झाला, याची रेघ हवेत कुठेच नसते. ती रेघ ऐकायला अक्षर शिकवतं! जूनमध्ये शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या शाळांत पहिलीची मुलं पाटीवर वाकतात, तेव्हा ती लिहायला तर शिकतातच. शिवाय त्यांना एक नवा कान फुटत असतो.

या कामात आपली लिपी मुलाला फार प्रेमाने हात देते. पाच वर्षांच्या मुलाला ‘चपाती’ टाळ्या वाजवत म्हणायला सांगा. ते तीन टाळ्या वाजवेल: च, पा, ती. कुणी शिकवलेलं नसतं. आणि आपण लिहितो तेही तीनच अक्षरांत. रोमन लिपीत शिकणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी त्या अदृश्य ‘भ्’च्या मागे लागावं लागतं, आपली लिपी मुलाचा कान जिथे उभा आहे तिथूनच निघते. कानडी मुलांचा अभ्यास करणाऱ्या सोनाली नाग यांनी २००७ मध्ये दाखवलं, की अक्षराएवढा तुकडा मुलांना लवकर कळतो, त्याहून बारीक आवाज मात्र हळूहळू, बाराखडीची घडी बसत जाते तसा उलगडतो. कानडी लिपीची घडण देवनागरीसारखीच असल्यामुळे हे आपल्यालाही लागू पडावं.

मग तो बारीक आवाज मुळात शोधला कुणी? आणि कसा?

भिंतीवरचा वर्णमालेचा तक्ता बघा. क ख ग घ ङ ही पहिली ओळ, मग च, ट, त, प. आपण हे इतक्यांदा घोकलंय की त्यातलं नवल दिसेनासं झालंय. क पासून प पर्यंत सावकाश उतरत या: क, च, ट, त, प. जीभ कुठे लागते बघा. क ला घशाजवळ, च ला टाळूला, ट ला वर वळून, त ला दातांच्या मागे, आणि प ला जिभेचं कामच नाही, ओठ मिटतात. घशातून निघून तुम्ही ओठांपर्यंत चालत आलात! शिरूर-दौंड भागात उन्हाळ्यात कालव्याला आवर्तन सुटलं की दारं धरतात. पाणी एकच, पाट एकच, पण माती टाकून कुठे अडवलं आणि कुठे फोडलं यावर कोणता वाफा भिजणार ते ठरतं. श्वासाचंही तसंच. छातीतून निघालेल्या एकाच हवेला तोंडात पाच जागी अडवलं की पाच ओळी होतात.

ओळीतला क्रमही तितकाच नेटका. तळहात तोंडासमोर धरा आणि ‘त’ म्हणा, मग ‘थ’. ‘थ’ला हवेचा झोत हाताला लागतो. ओळीतलं दुसरं आणि चौथं अक्षर असं झोताचं. आता नाक चिमटीत घट्ट धरा आणि ‘मामा’ म्हणा. ऐकलंत? ‘बाबा’सारखं काहीतरी झालं! ‘ब’ आणि ‘म’ यांत ओठांची हालचाल तीच. ‘म’ला नाकाची वाट उघडी असते, एवढंच. सर्दी झालेलं पोर ‘मला’ऐवजी ‘बला’ म्हणतं ते यामुळेच. म्हणून ‘म’ ओळीच्या शेवटी, ङ, ञ, ण, न यांच्या रांगेत बसला. पाच जागा, पाच तऱ्हा, पंचवीस अक्षरं. एकही घर चुकलेलं नाही.

ही मांडणी दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची. वेदांचे उच्चार पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ चालवणाऱ्या लोकांनी शिक्षा आणि प्रातिशाख्य या ग्रंथपरंपरेत ती घडवली. त्यांचं अध्ययन कागदावर चालत नव्हतं. मग लेखणीवर भिस्त न ठेवता त्यांना तो बारीक आवाज कसा सापडला? त्यांनी आपल्याच जिभेचा पाठलाग केला. मला हे आजही थक्क करतं. आणि पहिलीच्या बाईंना यातून एक नामी युक्ती मिळते: कानाला जे सुटत नाही ते तोंडाला सोडवायला सांगा. ‘भाकरी म्हणायला तोंड उघडलंस, पण म्हणू नको. ओठ कसे आहेत?’ मिटलेले. सापडला ‘भ’.

एवढा सुंदर तक्ता असूनही वाचायला शिकवताना तो या क्रमाने शिकवू नये, असं मी अगदी आग्रहाने म्हणेन. कारण त्यात शेजारी बसलेली अक्षरंच एकमेकांच्या सगळ्यात जवळच्या आवाजाची. क-ख, ग-घ एकामागून एक आली की कान भांबावतो. जुन्या गुरुजींना हे हातावरून कळलं होतं. म्हणून तर ‘गमभन’ हा क्रम मराठी माणसाच्या जिभेवर आहे. ग, म, भ, न: चौघांच्याही उजव्या अंगाला एक उभा दंड, डावीकडे छोटीशी करामत. एक जमलं की दुसरं काढायला हात तयार. म्हणजे तोंडाचा क्रम वेगळा, हाताचा वेगळा. आणि तिसरा एक आहे, तो अर्थाचा: ज्या अक्षरांतून लगेच ओळखीचे शब्द होतात ती आधी. फलटणला प्रगत शिक्षण संस्था उभी करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांच्यासारख्यांनी मराठीत हा तिसरा रस्ता चोखाळला. मोजकी अक्षरं, सोबत लगेच एखादी मात्रा, आणि लगेच शब्द.

आता ‘घर’ घ्या. दोन अक्षरं, एकही मात्रा नाही, सगळ्यात सोपा शब्द. खरंच सोपा? ‘घ’ म्हणजे ‘घ्’ अधिक ‘अ’. तो ‘अ’ लिहिलेला कुठेच नाही. आपल्या लिपीत काहीच न लिहिणं म्हणजेच ‘अ’ लिहिणं. तो नको असेल तर उलट पाय मोडावा लागतो. बरं, मग ‘र’मध्येही ‘अ’ आहे. शिकवल्याबरहुकूम वाचणारं मूल ‘घ… र…’ असं दोन्ही अक्षरांवर रेंगाळतं, आणि ही आपली राहती जागा आहे हे त्याला कळतच नाही. मग एक दिवस ते शेवटचा ‘अ’ गिळतं, ‘घर्’, आणि डोळे चमकतात. ‘गवत’मध्ये शेवटचा ‘अ’ जातो. ‘करवत’मध्ये शेवटचा तर जातोच, मधला ‘र’सुद्धा अर्धा होतो: कर्-वत्. कोणता ‘अ’ ठेवायचा आणि कोणता गिळायचा याची यादी कुठल्या पहिलीत शिकवतात? कुठेच नाही. मूल नियम आपला आपण उचलतं, कारण शब्द त्याच्या कानात आधीपासून असतो. ‘चाक’ आणि ‘चार’ यांतला ‘च’ लिहायला एक, म्हणायला दोन. पोर चुकत नाही. ज्याच्या कानात भरपूर शब्द, गोष्टी, गाणी, कोडी, त्याचं वाचन सुसाट सुटतं ते यामुळे.

पण कानातला शब्द आणि पानावरचा शब्द जुळला नाही तर? इकडच्या वाड्यावस्त्यांवर अनेक घरांत ‘पानी’ म्हणतात, ‘लोनी’ म्हणतात. मूल आपल्या कानाशी इमान राखून ‘पानी’ लिहितं. कानाच्या हिशेबाने ते शंभर टक्के बरोबर आहे! त्याने आवाज सोडवला, अक्षर निवडलं, मात्रा लावली. लाल रेघ ओढण्याआधी एवढं तरी कबूल करायला हवं. ‘ण’साठी जीभ वर वळवायचा खेळ मग सावकाश खेळता येतो. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आलेल्या हिंदी बोलणाऱ्या घरांतल्या मुलांपुढे ‘ळ’ येतो, तेव्हा त्यांना नवं अक्षरच नव्हे, तोंडातली नवी जागाच शिकायची असते. ‘बाळ’, ‘फळा’, ‘शाळा’. नेमका शाळेतच तो अडतो.

मात्रांचं गणित तर विलक्षण आहे. ३४ व्यंजनं आणि बाराखडीची १२ घरं: ४०८ आकृत्या. चारशे आठ गोष्टी सुट्या सुट्या पाठ कराव्या लागल्या असत्या तर पहिली कधी संपली नसती. काना एकदा कळला की तो सगळ्या व्यंजनांना कळतो. आणि इथेच तो नवा कान फुटतो: क, का, म, मा, र, रा. काहीतरी बदललं आणि काहीतरी तसंच राहिलं. जे राहिलं ते व्यंजन, जे बदललं तो स्वर. पोर्तुगालच्या त्या निरक्षर प्रौढांना न सापडलेला सांधा बाराखडी सहा वर्षांच्या पोराच्या हाती देते.

फक्त पहिली वेलांटी दगा देते. ‘कि’ म्हणताना आधी ‘क्’ मग ‘इ’, लिहिताना मात्र वेलांटी आधी. लिहिणाऱ्या मुलाचा हात जवळून बघा: ते ‘क’ काढतं, ओठांत पुटपुटतं, थबकतं, आणि मग डावीकडे परत येऊन वेलांटी घालतं. कानाचा क्रम हाताला सोडवत नाही. हा उलटेपणा आला कुठून? त्यासाठी नाणेघाटात जायला हवं. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. ब्राह्मीत ‘इ’ची खूण अक्षराच्या डोक्यावर, उजव्या अंगाला बसलेली असे. शतकं उलटली, लिहिणाऱ्यांच्या हातांनी तिला बाक दिला, तो वळत वळत डावीकडे झुकला आणि खाली उतरला. आजच्या मुलाची अडचण ही कित्येक पिढ्यांच्या हातवळणाची शिल्लक आहे.

आणि त्या काळचा ‘ठ’ कसा होता? नुसतं एक वर्तुळ. ‘ट’? अर्धवर्तुळ. आज पाटीवरच्या ‘ठ’ची रेघ आणि देठ पुसून टाका. काय उरलं? ब्राह्मीचं तेच वर्तुळ, जवळजवळ जसंच्या तसं. ‘क’ त्या वेळी अधिकच्या चिन्हासारखा होता, तो ओळखू येणार नाही इतका बदलला. ‘ठ’ने मात्र आपला आकार सोडला नाही.

हे सगळं ज्या हाताने करायचं त्याची अवस्था काय असते? मोठ्या माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः त्यांतलं एकही हाड झालेलं नसतं, सगळी कूर्चा. वर्षामागून वर्षं एकेक हाड धरत जातं, आणि वाटाण्याएवढं शेवटचं तर साधारण आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान. चार वर्षांच्या मुलाला चार रेघी वहीत घोटून घोटून अक्षर काढायला लावणाऱ्या पालकांनी लहान मुलाच्या मनगटाचा एक्स-रे एकदा जरूर बघावा. त्या वयात माती मळणं, मणी ओवणं, वाळूत बोट फिरवणं हाच लेखनाचा खरा अभ्यास. पूर्वीच्या पंतोजींच्या शाळांत धूळपाटीवर धूळ पसरून मुलं काडीने अक्षरं काढत. पुसणं सोपं, जोर लागत नाही, चुकीची भीती नाही. त्यानंतर बालबोध म्हणजे देवनागरी, मग मोडी लिपी. आणि मोडीची गंमत अशी, की तिथे आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग अक्षरं तिला खालून लटकवत जायचं. आपण अक्षर आधी काढतो, रेघ मागाहून.

गिरवण्याबद्दल एक आश्चर्य सांगतो. अमेरिकेत कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांना काही अक्षरं त्यांनी स्वतः काढायला दिली, काही ठिपक्यांवरून गिरवायला आणि काही कळफलकावर दाबायला. मग तीच अक्षरं दाखवून मेंदूचं चित्रण केलं. वाचनासाठी लागणारी मेंदूतली वाट जागी झाली ती स्वतः काढलेल्या अक्षरांना. गिरवलेल्यांना किंवा दाबलेल्यांना तशी नाही. का बरं? एक पटणारं कारण असं: मूल स्वतः काढतं तेव्हा दर वेळी अक्षर वेडंवाकडं, वेगळं येतं. दहा वेड्यावाकड्या ‘म’मधून मेंदू ‘म’चा ‘म’पणा शोधून काढतो. म्हणून माझं म्हणणं, गिरवू द्या, पण मग पाटी पुसा आणि न बघता काढू द्या. वाकडं आलं तर येऊ दे. ते वाकडेपणच शिकवतं.

मेंदूतली ही वाट आहे कुठे? मेंदूच्या डाव्या बाजूला, मागे, तळाशी. फ्रेंच शास्त्रज्ञ स्तानिस्लास दहेन यांनी या भागाचा पुष्कळ अभ्यास केला आहे. वाचायला शिकण्याआधी तो चेहरे आणि वस्तू ओळखण्याच्या कामात असतो. उत्क्रांतीला लेखनाची कल्पनाच नव्हती, तेव्हा वाचनासाठी वेगळी जागा असणार कुठून? वस्तू ओळखणाऱ्या मेंदूला एक सवय असते: बैल डावीकडे तोंड करून उभा असो की उजवीकडे, बैल तो बैलच. अक्षराला आणि अंकाला हे चालत नाही. ३ आरशात धरला की जवळपास ६ होतो! तीन आणि सहा यांत पोर घोटाळलं तर ते ढ नाही; त्याचा मेंदू लाखो वर्षांची शहाणी सवय मोडायला शिकतो आहे.

ही मोडलेली सवय पुन्हा उलटी जोडायची वेळ दौंड तालुक्यातच काही जणींवर आली होती. केडगावला. पंडिता रमाबाई १८८६ साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला गेल्या आणि तिथे फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचं शिक्षण घेऊन आल्या. चेंडू, ठोकळे, गाणी, हाताला काम. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून अनाथ मुली आणि विधवा आणल्या, पुढे गुजरातच्या दुष्काळातून आणखी, आणि केडगावचं मुक्ती सदन शेकडो जणींचं घर झालं. अनेकींना अक्षराचा गंधही नव्हता. त्यांतल्या काही पुढे तिथल्याच छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. शिशाच्या खिळ्यावर अक्षर उलटं असतं. आयुष्यात उशिरा सुलटं वाचायला शिकायचं, आणि मग आरशातलं वाचायचं!

त्याच सदनात अंध मुलीही होत्या. रमाबाईंची लेक मनोरमा ब्रेल शिकून आली आणि तिने त्यांना ठिपके वाचायला शिकवलं. आता आपण ज्याला वाचनाचा डोळा म्हणत होतो त्या मेंदूच्या तुकड्याचं यांच्यात काय होत असेल? २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जन्मांध माणसं बोटाने ब्रेल वाचत असताना त्यांचा मेंदू तपासला. जागा झाला तो नेमका तोच तुकडा. ज्यांनी कधी उजेडही पाहिला नाही त्यांच्यातही! त्या तुकड्याला डोळ्यांशी देणंघेणं नाही. आकारातून शब्दाकडे जायची वाट हवी, मग ती बोटातून आली तरी चालते. १९५१ साली भारतीय भाषांसाठी ठरलेल्या भारती ब्रेलमध्ये तर पहिली वेलांटीही शहाण्यासारखी व्यंजनानंतरच येते.

दसरा-दिवाळी झाली की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या शिरूर-दौंडच्या भीमेकाठच्या पट्ट्यात उतरतात. बैलगाडीवर, ट्रॅक्टरवर संसार, आणि संसाराबरोबर पहिलीतली पोरं. वर्गात नेमके हेच मात्रांचे महिने. जिथे सगळी मुळाक्षरं आधी आणि मात्रा मागाहून असा क्रम असतो, तिथून निघालेल्या मुलीकडे कोपीवर, म्हणजे टोळीच्या झोपडीवर, पोचताना तीसेक सुटी अक्षरं असतात आणि त्यांतून वाचण्याजोगं फारसं काही होत नाही. मार्चपर्यंत तीही पुसट होतात. त्याऐवजी दिवाळीच्या आत तिला म, क, र आणि एक काना पक्का दिला तर? मामा, काका, मका, काम, राम, मार, कार, रमा. एवढं ती फडाच्या बांधावर धुळीत बोटाने लिहू शकते, धाकट्या भावाला वाचून दाखवू शकते, आणि साखरशाळेत किंवा गावातल्या शाळेत जिथे बसायला मिळेल तिथल्या बाईंना चौथं अक्षर मागू शकते.